वीतभर कमी पडलेली तार

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. त्या साली हलका धान दिवाळीआधीच घरात आला आणि भारी धानाची कापणीही बिनघोर आटोपली, म्हणून हिवरबोडीतल्या बायकांना मार्गशीर्षातच जराशी उसंत मिळाली. मोहाडीपासून चार मैलांवरचं हे गाव. गावाला लागून बोडी, म्हणजे लहानसं तळं. तिच्या पाळीवर मारुतीचं देऊळ आणि देवळापुढं टिनाच्या छपराचा मांडव. दर गुरुवारी दुपारी, भांडी घासून झाली की तिथं बायकांचं भजन बसायचं.

मंडळात नऊ-दहा जणी होत्या, पण खरा भार तिघींच्या गळ्यावर. कलाबाईचा आवाज सुईसारखा बारीक, आणि भजन संपलं तरी तो काही थांबत नसे. रंभाबाई साठीला टेकलेली. गुडाखू, म्हणजे तंबाखूची मिश्री, घासून घासून तिचा आवाज घोगरा झाला होता. ओळ संपता संपता ती हलकेच खाकरायची, आणि ते खाकरणंसुद्धा तालात यायचं. तिसरी सुशीला, सोळा वर्षांची. ती कितीही वर गेली तरी आवाज कातरायचा नाही. पाळीवरून बैल घेऊन जाणारा माणूस ती गायला लागली की कासरा ओढून उभा राहायचा.

एकतारी सुशीलाच्या आईकडं, रुखमाकडं. रुखमाला स्वतःला गळा नव्हता. लहानपणी माहेरी ती गायला लागली की भाऊ म्हणायचे, रेडा अडला वाटते कुठं. तेव्हापासून तिनं तोंड मिटून घेतलं आणि हातात एकतारी धरली. आपल्याला मिळालं नाही ते देवानं पोरीच्या गळ्यात घातलं, असं ती कोणाला बोलून दाखवत नसे. पोरीनं सूर उचलला की ती नुसती मान खाली घालायची, डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून.

त्या माघात मोहाडीला भजनी मंडळांची चढाओढ होती. हिवरबोडीच्या बायकांनी पहिल्यांदाच नाव दिलं होतं. सुशीला पुढं बसून गाणार, हे सांगायचीही गरज नव्हती. आणि नेमकी त्याच वेळी एकतारीची तार तुटली.

मोहाडीच्या बाजारात तार मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, नागपूरहून आणवतो, पण महिना लागेल. रुखमाचा नवरा सेवकराम हसला. "महिना कायले? माह्या सायकलच्या ब्रेकात तारच तार हाय." त्यानं जुन्या ब्रेकच्या तारेचा पीळ सोडवला, त्यातला एक पदर काढला आणि भोपळ्यापासून खुंटीपर्यंत ताणून बांधला. पुढच्या गुरुवारी रुखमानं ती छेडली मात्र, देवळातली चिमणी उडून गेली.

"बापा बापा!" रंभाबाई म्हणाली. "भजन हाय का टिन खरडून राहिली वो?"

मग गरीचा नायलॉनचा धागा लावून पाहिला. तो भद् भद् असा बोलायचा, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा.

"हे तं मासोळ्या धराची दोरी हाय," कलाबाई म्हणाली. "मारुतीले बाटवता का वो तुमी मायलेकी?"

सगळ्या हसल्या. रुखमाही हसली. पण माघ जवळ येत होता. त्या रात्री जेवताना तिच्या मनात आलं की तिसरी तार तर आपल्या मांडीवर आहे.

रुखमाचं माहेर आंधळगावचं. तिथल्या विणकरांच्या शेजारात वाढल्यामुळं कोशाचं, म्हणजे रानातल्या रेशमाचं, सूत काढायला ती आईकडून शिकली होती. रानातले कोसे आणायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे आणि चार-पाच कोशांचे तंतू एकत्र धरून उघड्या मांडीवर तळहातानं पीळ देत देत सूत ओढायचं. वीस वर्षांत तिच्या डाव्या मांडीवर हाताएवढी जागा गुळगुळीत झाली होती, नदीतल्या दगडासारखी. धानाचं काम सरलं की ती हे सूत काढून मोहाडीच्या विणकरांना द्यायची.

कोसे आणून द्यायचा जागेश्वर. एकोडीकडच्या रानातला हा ढीवर, मासे धरणारा आणि कोसे पाळणारा. वर्षातून एकदा पोतं घेऊन मोटारीनं यायचा, ओसरीवर पाणी प्यायचा आणि मोजकं बोलून जायचा. त्याच्या लोकांत पद्धतच तशी होती. कोशाचे किडे झाडावर असेपर्यंत राखणदार रानात तोंड उघडत नाहीत. पाखरू हाकलायचं तर गोफण, माणूस बोलवायचा तर टाळी. दर वेळी जाताना मात्र तो एक गोष्ट न चुकता सांगायचा.

"शंभरामागं एक रानाचा, बाई. त्याले उकळू नोको. पुढच्या वर्साले माह्या हातात दे. मी येनाच्या झाडाले नेऊन बांधतो."

"काहून गा?" रुखमानं एकदा विचारलं होतं.

"काहून ते आमच्या बापानंबी नाही सांगतलं."

म्हणून रानाचा कोसा रुखमा देठाला दोरा बांधून आढ्याला टांगून ठेवायची. पंधरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

मंगळवारी दुपारी ती उन्हात ओसरीवर बसली. घरात उरलेसुरले चौदा-पंधरा कोसे होते, बाकीचं सूत विणकराकडं गेलं होतं. तीन पदरी, घट्ट पिळाची तार तिनं ओढायला घेतली. काम छान चाललं होतं. कोसे सरले तेव्हा तिनं तार एकतारीला लावून पाहिली. वीतभर कमी पडत होती.

रुखमानं वर पाहिलं.

वीतभर तर हवंय, ती मनाशी म्हणाली. पुढच्या वर्षी जागेश्वरला दोन देऊ.

तिनं तो कोसा खाली घेतला आणि कानाशी हलवला. आत वाळलेला किडा असतो तसा खुळखुळ वाजला. उकळून तिनं तंतू काढायला सुरुवात केली. कोशाचं सूत निघत गेलं की कवच पातळ होत जातं, आणि शेवटी आतला मेलेला किडा पाण्यात पडतो. हा कोसा पातळ होत गेला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा झाला, आणि संपला. पाण्यात काहीच पडलं नाही. कोशाला भोक नव्हतं, ते तिनं उकळण्याआधीच पाहिलं होतं. तिनं कोसा उकळलेल्या गंजात बोट फिरवलं, पाणी ओतून पाहिलं. राखाडी पाणी होतं, दुसरं काही नव्हतं.

कोंबडीनं उचललं असेल, ती म्हणाली. अंगणात त्या वेळी कोंबडी नव्हती.

तार मात्र झाली झकास. रंग गव्हाळ सोनेरी, शेवटची वीत तेवढी थोडी काळसर. सांधा कुठं शोधून सापडत नव्हता. रुखमानं खुंटी पिळली आणि बोट लावलं. तोंड मिटून कोणीतरी गुणगुणावं तसा आवाज आला.

सुशीला चुलीपुढून उठून आली. "माय, हे तं माणसावानी बोलते वो!"

गुरुवारी मांडवात सगळ्यांना ती तार आवडली. तिच्या नादानं टाळसुद्धा हळू वाजायला लागले. कलाबाई तर त्या दिवशी डोळे मिटून, डोलून डोलून गायली. भजन संपल्यावर सेवकराम देवळाच्या पारावर वाट पाहत बसला होता. घरी जाताना त्यानं विचारलं,

"आज कलाबाई नव्हती का आली?"

"आली होती ना. माह्या बाजूलेच बसली होती."

"मंग गाऊन नव्हती राहिली."

"कलाबाई अन गाणार नाही!" रुखमा हसली. "तुमचे कान तपासून घ्या जी."

पण चालता चालता तिला आठवलं. कलाबाईचे ओठ हलताना तिनं पाहिले होते. आवाज ऐकल्याचं काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कलाबाई बोलली नाही. बादली भरून उचलली, रुखमाकडं बघून हसली, निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिच्या जावेनं सांगितलं की घरातही बोलत नाही. रडत नाही, चिडत नाही, जेवते, काम करते. पोटभर जेवून माणसानं ओट्यावर बसावं तशी नुसती बसून राहते. तिला भंडाऱ्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं घशात बत्ती लावून पाहिलं, घसा धुतलेल्या ताटासारखा लख्ख आहे म्हणाला आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

"कलाबाई गप झाली, मंजे मारुती पावला म्हणायचं," रंभाबाई म्हणाली. "नवसाचं नारळ तिच्या नवऱ्याकडून घ्या बापा."

पुढच्या गुरुवारी कलाबाई येऊन बसली, पण टाळ नुसते मांडीवर ठेवून. रुखमानं तार छेडली आणि तिचा हात जागीच थबकला. तारेच्या गुणगुणीमागून आणखी काहीतरी येत होतं, सुईसारखं बारीक. तिनं तळहातानं तार दाबली. बंद झालं. सोडली. पुन्हा आलं. टिनाच्या छपराचा घुमारा असेल, असं तिनं ठरवलं. इतर कोणी काही म्हटलं नाही. रंभाबाई त्या दिवशी फार गायली, खाकरून खाकरून गायली. आपली चढाओढ आता जिंकलीच समजा, असंही म्हणाली.

घरी, कौलाखाली, रुखमानं सगळे बाहेर असताना पुन्हा छेडून पाहिलं. इथं टिन नव्हतं. बारीक आवाज होता तसाच होता. आणि आता एकटा नव्हता. तार हाताला कोमट लागली.

रविवारी टिकाराम आला. टिकाराम रंभाबाईचा नवरा, सेवकरामचा लांबचा मामा. ओसरीवर टेकला आणि हसला. "सूनबाई, म्हातारी चाळीस वर्सांत पयल्यांदा शिव्या न देता जेवू घालून राहिली. काय चारलं तिले तुमी?"

रुखमाला हसू आलं नाही. टिकारामचंही हसू तोंडावरच राहिलं. तो म्हणाला, "घर लय मोठं वाटते वो. आवाज नसला का."

रंभाबाईला रुखमा मामीजी म्हणायची. लग्न होऊन हिवरबोडीत आली तेव्हा तिला सासू नव्हती. धान निंदायचं कसं, सण कसा करायचा, बाळंतपणात काय खायचं, सगळं मामीजींनी शिकवलं. मामीजी बस म्हणाल्या की बसायचं, ऊठ म्हणाल्या की उठायचं. म्हणून सोमवारी ती त्यांच्या घरी गेली, हात धरून म्हणाली, "मामीजी, काही तं बोला." रंभाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. डोळे शांत होते. एवढे शांत डोळे रुखमानं त्यांचे कधी पाहिले नव्हते.

बुधवारी सकाळी रंभाबाई बोडीवर धुणं घेऊन गेली. पाळीच्या पलीकडं, वीस पावलांवर, खळ्यात चार माणसं धान चुरत होती. तिचा पाय दगडावरून घसरला. पाणी कमरेएवढंच होतं. खळ्यातल्या माणसांनी बैलांच्या घंटा ऐकल्या, पाखरं ऐकली. हाक ऐकली नाही. दुपारी पाण्यावर लुगड्याचा पदर दिसला, तेव्हा समजलं.

"एक हाक मारली असती," टिकाराम दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "एक हाक मारली असती, बापा."

रुखमानं एकतारी धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि धानाच्या ढोलीमागं सरकवली. सुशीलानं पाहिलं.

"काहून वो माय? चढाओढ तोंडावर आली ना."

 खरं काय ते रुखमानं सांगितलं असतं तर पोरीनं वेड्यात काढलं असतं. म्हणून जे तोंडाला आलं ते ती बोलून गेली. "सुतक हाय. हात लावू नोको."

हीच तिची दुसरी चूक. सुतक फिटायला तेरा दिवस लागतात, आणि मग ते फिटतंच.

चौदाव्या दिवशी रुखमा सूत द्यायला मोहाडीला गेली होती. परत यायला चार वाजले. ऊन अजून अंगणात होतं. गल्लीच्या तोंडाशीच तिला भजन ऐकू आलं.

आधी सुशीलाचा आवाज, उंच, मोकळा. त्याच्या पाठोपाठ बारीक, सुईसारखा दुसरा. कलाबाई बरी झाली वाटते, असं तिच्या मनात येतंय तोच तिसरा आवाज आला. घोगरा. ओळ संपली आणि तो हलकेच, तालात, खाकरला.

रुखमा धावली.

सुशीला ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. मांडीवर एकतारी, तारेवर बोट. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिन्ही आवाज चालू होते. सुशीलाचे ओठ मिटलेले होते.

आईला पाहून ती हसली. बोट थांबलं. तिन्ही आवाज थांबले.

"सुशीला," रुखमा म्हणाली. "बोल. मले माय म्हण."

सुशीलानं तोंड उघडलं, मिटलं. तिला त्याचं काही वाटल्यासारखं दिसलं नाही. ती उठून चहा ठेवायला गेली.

रुखमानं विळा उचलला. तारेवर ठेवला. आतल्या दारात सुशीलाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं गेला. रुखमानं विळा खाली ठेवला.

पहाटेच्या पहिल्या मोटारीनं ती निघाली. भंडारा, मग साकोली, मग एकोडी. जागेश्वर झोपडीपुढं जाळं दुरुस्त करत बसला होता. रुखमानं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण मान वर करत नव्हता.

"रानाचा कोसा घातला?"

"वीतभर कमी पडली होती, भाऊ."

त्यानं सुई जाळ्यात खोचली.

"तोडू नोको," तो म्हणाला. "ज्या मांडीवर पीळ देल्ला त्याच मांडीवर उलटा पीळ दे. पुरी उकल. मधात थांबू नोको."

"अन मंग? माह्या पोरीचा आवाज येईन ना?"

"मले नाही माहीत, बाई. आमच्यात असं कोनी केलंच नाही."

परतून तिनं त्याच दुपारी कलाबाईला बोलावलं. ओसरीवर एका बाजूला कलाबाई, दुसऱ्या बाजूला सुशीला. सेवकराम दारात उभा राहिला. या सगळ्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण पोरीच्या तोंडाकडं पाहून त्यानं अडवलं नाही. रुखमानं एकतारीवरून तार काढली, लुगडं वर सारलं आणि मांडी उघडी केली. नेहमी तळहात पुढं जायचा. आता तिनं तो स्वतःकडं ओढला.

पीळ सुटू लागला. पदर वेगळे होऊन मांडीवर पडू लागले, कुरळे, निर्जीव.

दोन हात तार उकलली असेल. कलाबाईला ठसका लागला.

"किती वेळ बसवून ठेवता वो?" ती म्हणाली. "चुलीवर दूध ठेवून आलो मी. उतू गेलं असन ना!"

सेवकराम मोठ्यांदा हसला. रुखमाचे डोळे घळघळा वाहू लागले, पण हात थांबला नाही. कलाबाई बोलतच सुटली, आपण इथं कशाला आलो, या बाईनं मांडी का उघडी टाकली, सगळं एका दमात. तिला काहीच आठवत नव्हतं. सेवकरामनं तिला दूध बघायला पाठवून दिलं.

तार उकलत होती.

हातभर उरली. मग त्याहून कमी. काळसर भाग जवळ आला.

सुशीलाचा गळा हलला. रुखमानं तिच्याकडं पाहिलं. "बोल वो माय माही. बोल."

सुशीला हलकेच खाकरली.

"पुरे झालं, रुखमा," ती म्हणाली.

 आवाज घोगरा होता. गुडाखूनं घासलेला. लेक आईला नावानं हाक मारत नाही.

सुशीलाचा हात पुढं आला आणि आईच्या मनगटावर बसला. सोळा वर्षांच्या पोरीचा हात, पण पकड चाळीस वर्षं मुसळ धरलेल्या बाईची.

"राहू दे आता, बापा. थांब."

रुखमानं पोरीच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे सुशीलाचे होते. ते पाण्यानं भरले होते आणि मान न हलवता, पापणी न हलवता, ते काहीतरी सांगत होते. तोंड एक म्हणत होतं, डोळे दुसरं.

जागेश्वरनं बजावलं होतं, मधात थांबू नोको. रुखमाला ते आठवत होतं. पण मामीजींनी थांब म्हटलं होतं. आणि मामीजींनी थांब म्हटल्यावर थांबायचं, ही वीस वर्षांची सवय मनाच्या आधी हातात होती.

हात थांबला.

वीतभर तार उरली. क्षणभरच थांबलो, असं पुढं ती आयुष्यभर म्हणत राहिली. तिनं पुन्हा तळहात ओढला तेव्हा ती वीत लोखंडाच्या तारेसारखी ताठ झाली होती. संध्याकाळपर्यंत तिनं मांडी लाल करून घेतली. दुसऱ्या दिवशीही. पीळ एक वळसाही सुटला नाही.

हिवरबोडीचं मंडळ चढाओढीला गेलं नाही. नागपूरची तार फाल्गुनात आली. सेवकरामनं ती पुडी न उघडता कोनाड्यात ठेवली. पुढं घर शाकारताना ती कुठं गेली, कोणाला माहीत नाही. कलाबाई आणखी वीस वर्षं बोलली. गायली मात्र पुन्हा कधी नाही. गायला तोंड उघडलं की तिला झोप येई. जागेश्वर पुढच्या हिवाळ्यात आला, पोत्याशिवाय. उरलेली वीत त्यानं पळसाच्या पानात घेतली, बोट न लावता, आणि निघताना पाणीही प्यायला नाही. त्यानंतर हिवरबोडीत तो कोणाला दिसला नाही. रुखमानं सूत काढणं सोडलं. तिच्या मांडीवरची ती गुळगुळीत जागा हळूहळू चारचौघींसारखी खरखरीत झाली.

सुशीला तशी सुशीलाच राहिली. तिचं चालणं, तिचं केस विंचरणं, भाताच्या पेजेत मीठ विसरणं, सगळं तिचंच. आवाज तेवढा रंभाबाईचा. डॉक्टर म्हणाला, वयात येताना पोरींचा घसा बसतो कधी कधी. ती कमी बोलू लागली. आईशी बोलताना आधी थांबायची, "माय" हा शब्द तोंडात नीट धरून मगच उच्चारायची. एखाद्या वेळी घाईत चुकायची. त्या दिवशी मायलेकी दोघीही जेवत नसत.

टिकाराम रोज सकाळी येऊन ओसरीवर बसायचा. बोलायचं काही नसे.

"सुशीला, पानी दे वो."

"आणतो ना. उन्हातून आले, आधी बसा तं खरं."

म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. पाणी पिऊन झाल्यावर दुसरं काहीतरी मागायचा, तंबाखू, चुना, काहीही, नुसतं उत्तर मिळावं म्हणून. त्याला येऊ नका म्हणायचं रुखमाच्या अनेकदा ओठांवर आलं. त्याचं तोंड पाहून ती गिळून टाकायची.

ब्याऐंशी साली सुशीलाचं लग्न तुमसरला झालं. जावई हिरालाल धानगिरणीत कामाला, गरीब स्वभावाचा. तिकडच्या बायका म्हणाल्या, पोरीचा आवाज म्हातारीसारखा आहे, पण पोरगी कामाची आहे. टिकाराम लग्नात मांडवाच्या खांबाशी बसून होता, आणि वरात निघाली तेव्हा तो बापापेक्षा जास्त रडला. लोकांनी त्याला चिडवलंही.

पंच्याऐंशीच्या पौषात, सकाळी आठच्या सुमारास, ओसरीवर बसल्या बसल्याच टिकाराम गेला. सेवकराम लगेच सायकलवर तुमसरला निघाला, लेकीला सांगायला. पोचायला त्याला दुपार झाली. तोवर तिथं काय झालं होतं, ते हिरालालनं पुढं महिन्याभरानं एकट्या रुखमाला सांगितलं, इकडंतिकडं पाहत, आवाज खाली करून.

सकाळी आठ वाजता तो बाजेवर बसून चहा पीत होता. सुशीला चुलीपुढून उठली, डोक्यावरून गार पाण्यानं अंघोळ करून आली आणि त्याच्या समोर पाटावर बसली. हातातल्या बांगड्या तिनं एकेक करून उतरवल्या. मग ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं.

"काहून वो?" त्यानं विचारलं. "काय झालं?"

परक्या माणसासमोर ओढावा तसा तिनं पदर पुढं ओढून घेतला.

"आमचे गेले ना जी," ती म्हणाली. "आताच."